बाणाच्या खेळाची चाल

हे सगळं दोन हजार बावीस साली झालं. दोन वर्षं तोंड झाकून बसलेली माणसं पुन्हा एकमेकांच्या घरी जायला लागली होती. श्रावण संपत आला होता. मी आणि माझी नात किमया रोह्याजवळच्या वरसेहून सकाळच्या एसटीने पेणला गेलो होतो, माझ्या मोठ्या दिरांकडे, घरचा गणपती आणायला. दिरांना सगळी आळी दाजी म्हणते. मीही मनात दाजीच म्हणते, तोंडाने भाऊजी. त्यांच्या घराला लागून मूर्तींचा कारखाना आहे. जेवणं झाली होती. मी ओटीवर भिंतीला पाठ लावून बसले होते, कारखान्यातून ओल्या रंगाचा वास येत होता, आणि एकाएकी आतल्या खोलीतून ती चाल वाजली.

चाल म्हणते, पण गाणं नव्हे ते. त्यात गळा नाही, पेटी नाही. पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीला कोणी सूर शिकवले तर ती जशी गुणगुणेल तसं काहीतरी. वर चढतं, एका जागी अडखळतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मधे एक स्वर चिरकतो, तिथे मला नेहमी भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. तसंच झालं. काही कळायच्या आत मी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. पूर्वी ही चाल वाजायची तेव्हा ते पिठाचे असायचे, नाहीतर राखेचे. मी ह्याच घराच्या स्वयंपाकघरात असायचे, आणि मधल्या भिंतीपलीकडे माझे यजमान टीव्हीसमोर बसलेले असायचे. त्यांचं नाव पुंडलिक. ते नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. लिहिताना घेते.

पुंडलिक दाजींच्या कारखान्यात आखणी करायचे. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, अंगाला रंग लागतो, पितांबर होतं, सोंडेवर नक्षी येते, पण डोळे सगळ्यात शेवटी. ते काढणं म्हणजे आखणी. तिथे खोडायला जागा नसते. आषाढात आमच्या पडवीत बिनडोळ्यांचे गणपती रांगेने बसलेले असत. नवी नवरी होते तेव्हा मला त्यांची भीती वाटायची, आंधळ्यांच्या सभेतून पाणी घेऊन चालल्यासारखं वाटायचं. पुंडलिक त्यांच्यासमोर पाट घेऊन बसत आणि ब्रश टेकवण्याआधी श्वास रोखत. तो रोखलेला श्वास मला चुलीपाशी ऐकू यायचा. म्हणजे काय ऐकू यायचं ते सांगता येत नाही. घरात एक आवाज कमी व्हायचा. मग रेघ ओढून झाली की ते नाकातून हळूच श्वास सोडत, आणि मी पुन्हा भाकरी थापायला लागायची. लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझा स्वयंपाक असा अडत अडत झाला आहे.

मग दाजींच्या मुलासाठी, सुशीलसाठी, त्याच्या मामाने दुबईहून कॉम्प्युटर आणला. अठ्ठ्याऐंशी साल असावं. आताच्यासारखा नव्हे, एका ताटलीएवढा, रबराची बटणं असलेला. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालून त्यातून खेळ आत सोडायचा. खेळ आत जाताना जी किंचाळी उठायची ती अजून माझ्या कवटीत आहे. कौलांवरचे कावळे उडून जायचे. दाजी कारखान्यातून ओरडायचे, “सुशील्या, कोनाचा गला कापतंस रं आत?” आणि कामाला आलेल्या बायका हसून हसून हातातला, साच्यात घालायचा काथ्या टाकायच्या. किंचाळी थांबली की क्षणभर शांतता, आणि मग ती चाल. भिंतीवरच्या गोल फळीवर बाण मारायचा तो खेळ होता. संध्याकाळी सुशील आणि त्याचे दोस्त खेळायचे तेव्हा पुंडलिक कारखान्यात असत. ते खेळायचे दुपारी, सगळ्यांचा डोळा लागला की, एकटे. कॅसेट लावायला, आणि किंचाळीपुरता आवाज बारीक करायला, त्यांनी सुशीलकडून शिकून घेतलं होतं.

मी तो खेळ कधी पाहिला नाही. मला तो फक्त कानाने ठाऊक होता. आधी चाल. मग एक बारीक किर्रकिर्र, नेम धरताना होणारी, ती कमीजास्त होत राहायची. मग ठप. बाण फळीत रुतला की टुर्रर्र करून आकडे मोजल्याचा आवाज यायचा, आणि चुकला की एक स्वर खाली घसरत जायचा, कुणीतरी विहिरीत काही टाकल्यासारखा. पहिल्या पहिल्यांदा मला मजा वाटली. माणूस दिवसभर वाकून बसतो, खेळू दे घटकाभर. नंतर माझ्या ध्यानात आलं की किर्रकिर्र फार वेळ चालते. पुंडलिक नेम धरून थांबलेले असायचे, श्वास रोखून, अगदी मूर्तीसमोर थांबत तसे. आणि पुष्कळदा शेवटी तो घसरणारा स्वर. मी पिठात बोटं रुतवून मनात म्हणायची, लागू दे एकदा. कशाला म्हणत होते ते मला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी आषाढात, डोळ्यांची कामं ऐन तोंडावर आलेली असताना, पुंडलिकनी ब्रश धुऊन डब्यात ठेवले आणि दाजींना सांगितलं, “माझा हात गेला.” दाजी आधी हसले. मग चिडले. “कोनी सांगितला? डाक्तरनी?” पुंडलिकनी डब्याचं झाकण लावलं. दाजींनी त्यांच्यासमोर एक मूर्ती आणून आदळली, सोंडेला तडा गेला. “काड डोला! आता काड, माझ्यासमोर काड!” त्यांनी काढला नाही. दिवाळीच्या आत आम्ही बोचकी बांधून रोह्याला आलो. धाटावला एका रसायनाच्या कंपनीत पुंडलिक शिफ्टला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. रोह्याला येताना एसटीत, गडबच्या पुढे, त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं. एका मूर्तीचा डोळा काढताना रेघ केसभर बाहेर गेली होती, बुबुळात मिसळून गेली म्हणून निभावलं. ब्रशचा केस सुटला की हात हलला ते कळेना. मग त्या मशीननी दाखवलं. “टीव्हीत हात दिसतो गो. माझा हात. बटनावर बोट ठेवला का तिला आतली नाडी लागते. किती धरून ठेवला तरी हलतो. कोनाला सांगू नको.” मी नाही सांगितलं. मला ते खरंच वाटलं. धाकट्या जावेचा हात मोडला होता तेव्हा आतलं हाड कागदावर उमटलेलं मी पाहिलं होतं. मशीनला हाड दिसतं, तर हाताची थरथर का दिसू नये? आणि विचारणार कोणाला? आखणीवाल्याचा हात हलतो हे एकदा पेणमध्ये बोललं गेलं की संपलं.

पण रोह्याला आल्यावर एक गोष्ट मी पाहत होते. सुईत दोरा मला तेच ओवून द्यायचे. उजेडाकडे धरायचे, श्वास रोखायचे, पहिल्या फटक्यात दोरा पार. पन्नाशीत तसंच, साठीतही. कंपनीत काचेच्या नळ्या भरायचं काम त्यांच्याकडे होतं, तिथेही कधी थेंब सांडल्याचं ऐकलं नाही. मला वाटायचं, घरकामापुरता हात देवाने परत दिला असेल. माणूस अशा समजुती करून घेतो आणि त्यांच्यावर संसार रेटतो.

तर ती चाल वाजली आणि मी उठून आत गेले. गुडघे धरले होते तरी गेले. आतल्या खोलीत टेबलावर सुशीलचा लॅपटॉप उघडा होता, आणि सुशील, आता केस पिकलेला, पोट सुटलेला, खिडकीशी पाठ करून मोबाइलवर कोणा गिऱ्हाइकाशी बोलत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. चाल संपली. किर्रकिर्र सुरू झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा तो खेळ पाहिला. काळ्या पडद्यावर गोल फळी, आणि तिच्यासमोर एक हात. मनगटापासून तोडल्यासारखा, बोटांत बाण धरलेला. हात हलत होता. वर जायचा, खाली यायचा, फळीच्या मध्यापाशी आला की निसटायचा. बटणांना कोणी हात लावलेला नव्हता. सुशील खिडकीशी, मी दारात, आणि तो हात आपला आपण थरथरत होता. मी दाराची चौकट धरली.

“काकी, तू काय इकडं?” सुशील फोन ठेवून आला. “आठवतो का खेळ? कालच इंटरनेटवर सापडला. काका येडे होते ह्याच्यासाठी.”

“हात हलतोय,” मी म्हटलं.

“हलनारच. गेमच तसा हाय. सरळ राहिला तर मजा काय?”

“कोणी खेळलं तरी?”

“कोनी पन. तू, मी, काका. तो त्याचा त्याचा हलतो.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “काय गो काकी, चक्कर येतेय काय?”

मी नाही म्हटलं. पाणी मागितलं. पाण्याला रंगाचा वास होता, नाहीतर माझ्याच नाकात तो बसला असेल. डोक्यात ती चालच फिरत होती. चढते, अडखळते, पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीपलीकडून नुसतं ऐकत बसले. पण पाहिलं असतं तरी मला काय कळलं असतं? पुंडलिक खेळत असताना पाहिलं असतं तर त्यांचाच हात दिसला असता मला. तो कोणाचाच नाही हे कळायला खोली रिकामी असावी लागते.

निघताना दाजींच्या पाया पडायला गेले. ते खाटेवर असतात, कमरेपासून खालचं अंग गेलेलं. उशाशी आमचा गणपती ठेवला होता, शाडूचा, वीतभर. रंग झालेला, दागिने झालेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा.

“भाऊजी, डोळे राहिले.”

“आखनीवाला नाय मिळत शांते आता. एकच पोरगा, तो सगल्या पेनचा करतो. कवा येल, देव जाने.” दाजी छताकडे बघत होते. “आनि तुज्या घरात बसलाय ना आखनीवाला? त्याला सांग. आता तरी काड म्हनावं.”

माझ्या तोंडाशी आलं होतं. भाऊजी, ह्यांचा हात गेलाच नव्हता. पण ते सांगायचं तर आधी पुंडलिकना सांगायला हवं होतं, आणि त्यांना काय सांगायचं? की तुम्ही ज्यासाठी पेण सोडलं, भाऊ सोडला, ज्याच्यासाठी आयुष्यभर ॲसिडच्या वासाचे कपडे घातले, ते काहीच नव्हतं, दुबईच्या खेळण्यातली गंमत होती? त्यांच्याजवळ अभिमानाची एकच गोष्ट आहे. कोणी मूर्तीचा विषय काढला की ते म्हणतात, “माज्या हातून एक डोला वाकडा गेला नाय. जानार असा दिसला तसा मी उठलो.” ती गोष्ट काढून घेतली तर त्या माणसापाशी उरतं काय?

एसटीत मूर्ती मी मांडीवर घेतली होती, टॉवेलात गुंडाळून, चेहरा उघडा ठेवून. वडखळला गाडी बराच वेळ अडकली. शेजारच्या बाईने डोकावून पाहिलं आणि हात जोडता जोडता थांबली. किमयाने कानात काहीतरी घातलं होतं, आणि त्यातून, फार बारीक, ती चाल माझ्यापर्यंत येत होती.

“तू पण?”

“सुशीलकाकांनी दिला मोबाइलवर. आजी, आजोबा चॅम्पियन होते म्हणे!”

“घरी गेल्यावर वाजवू नको ते.”

“का गो?”

“आजोबांना नाय आवडायचं.”

“काका तर म्हणाले, येडे होते.” ती हसली आणि पुन्हा मोबाइलमध्ये वाकली. अठरा वर्षांची पोर. मी कारण दिलं नाही, म्हणून ते तिच्यापुरतं नव्हतंच. नागोठण्याच्या पुढे तिला झोप लागली. मी मूर्तीच्या पांढऱ्या जागेकडे बघत बसले. मला एकदा असंही वाटलं की ही एसटी रोह्याला पोचूच नये.

पुंडलिक व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले होते. ऐंशीला टेकलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दोन वर्षांपासून उजवा हात मांडीवर ठेवला तरी आतल्या आत फडफडत राहायचा, भिजलेल्या पाखरासारखा. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. हे खरं हलणं होतं. पुंडलिकना त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. “मला तवाच कललेला,” असं ते डॉक्टरांना म्हणाले होते, जवळजवळ खुशीत.

मी मूर्ती दारासमोरच्या चौरंगावर ठेवली, तोंड भिंतीकडे करून, आणि चहा टाकला. आधण उकळायच्या आत बाहेर ती वाजली. मोठ्याने, मोबाइलचा आवाज पूर्ण सोडलेला. “आजोबा, ओळखा!” किमया म्हणत होती. मी “बंद कर ते” म्हणत बाहेर आले, तोवर पुंडलिक खुर्चीतून अर्धे उठले होते. चेहऱ्यावर असं काही होतं की जणू कोणीतरी त्यांना लहानपणीच्या नावाने हाक मारली होती.

“ह्यो बानाचा खेल. कुटं गावला तुला?” त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरायला लावला. किर्रकिर्र सुरू झाली. बराच वेळ ते पाहत राहिले. मग हळू आवाजात, किमयाला लाज वाटू नये अशा बेताने म्हणाले, “तुजा पन हात हलतो गो?”

“माझा नाही हो! गेममधला. सगळ्यांचाच हलतो. हे बघा, हात पण नाही लावला.” तिने मोबाइल स्टुलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

आम्ही तिघं त्या स्टुलाभोवती उभे होतो. एवढासा हात काचेखाली वर जात होता, खाली येत होता. किमयाला काहीच ठाऊक नव्हतं, पण माझ्याकडे पाहून तिचे वर केलेले हात हळूहळू खाली आले. पुंडलिक मला म्हणाले, “तुला म्हाईत व्हता?”

“आज कळलं. पेणला.”

त्यांनी मान हलवली. वेळ संपल्यावर बाण आपोआप सुटला आणि तो स्वर घसरत घसरत खाली गेला. आत चहा उतू गेल्याचा वास आला. कोणी हललं नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील, रडतील. ते म्हणाले, “मूर्तीला डोलं नायत ना? भितीकडं तोंड करून ठेवलंस तवाच समजलो. आन हिकडं.”

ब्रशांचा डबा माळ्यावर होता, मी तो कधी फेकला नव्हता. एकाच ब्रशचे केस शाबूत होते. पुंडलिकनी तो जिभेवर टोक करून घेतला, पाट ओढला, बसले. श्वास रोखला. घरातला एक आवाज कमी झाला. इतक्या वर्षांनी तो कमी झालेला आवाज ऐकून माझी बोटं आपोआप आवळली गेली. ब्रश मूर्तीच्या तोंडासमोर वर गेला, खाली आला, मध्यापाशी येऊन निसटला. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं. माझ्या कानात किर्रकिर्र वाजत होती, आणि मी पूर्वीसारखीच मनात म्हणत होते, लागू दे एकदा. उजवा डोळा निघाला. डाव्याची खालची रेघ ओढताना हात झटकला आणि रेघ गालावर उतरली. त्यांनी ती तशीच पुढे नेली, बुबुळ भरलं, आणि श्वास सोडला.

“सरल आलाय ना गो?”

त्यांचे डोळे मोतीबिंदूने दुधाळ झालेले. पण ज्याने हजारो डोळे काढले त्याला आपल्या बोटाला रेघ कुठे गेली ते कळत नसेल?

“सरळ हाय,” मी म्हटलं.

किमया माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

दीड दिवस तो गणपती आमच्याकडे बसला. वरसेतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, मूर्तीकडे पाहिलं, आणि मोदकांची चौकशी करत राहिल्या. किमयाने पेणला फोटो पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीलचा फोन आला, तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. दाजी बराच वेळ नुसते श्वास घेत होते. मग म्हणाले, “पुंड्या. अजून बसतो रं तुजा हात.” पुंडलिक फोनसमोर वाकून बसले होते.  किमयाने शेवटी फोन बंद केला. संध्याकाळी कुंडलिका नदीत विसर्जन झालं. शाडू लवकर विरघळतो.

दाजी त्याच कार्तिकात गेले. डोळा वाकडा आहे हे त्यांना दिसलं होतं की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. सुशीलने कारखाना चालवायला दिला आणि तो पनवेलला मुलाकडे राहतो. त्याला ह्यातलं काही ठाऊक नाही. किमयाने तो खेळ मोबाइलवरून काढून टाकला, मी न सांगता. ती आता नोकरी करते, सणाला येते, आणि आजोबांचा विषय निघाला की तिचं बोलणं जरा अडखळतं. पुंडलिक पुढच्या चैत्रात वारले. मूर्तीचे डोळे काढले त्या दिवसानंतर “माज्या हातून एक डोला वाकडा गेला नाय” हे वाक्य ते कधी बोलले नाहीत. शेजारी कोणी विचारलं, पेण का सोडलंत, तर म्हणायचे, “कंपनीत पगार चांगला व्हता.”

मी वरसेलाच आहे. सुईत दोरा आता माझा मलाच ओवावा लागतो. उजेडाकडे धरते, श्वास रोखते, आणि चाल सुरू होते. चढते, अडखळते, पुन्हा पहिल्यापासून. दोरा सुईच्या नाकापाशी जातो, निसटतो. मी तशीच धरून बसते. ठप असा आवाज काही येत नाही.